दुसऱ्या भागातली थोरली बहीण

वाचणाऱ्या मैत्रिणींनो, आज कंपनीत जेवणाच्या सुट्टीत काळ्या जादूच्या एका लांबलचक कादंबरीमालिकेचा दुसरा भाग वाचत होते आणि मध्येच पुस्तक मिटलं.

त्यात थोरली बहीण धाकटीला शापित गडावर आजारी आईजवळ ठेवून निघून जाते. पहिल्या भागात हीच माझी लाडकी होती.

मीही थोरलीच. लग्न करून मी बोईसरला आले आणि माहेरी सातपाटीत आईचं सगळं करणं धाकट्या सुलभावर पडलं.

कंपनीच्या गेटबाहेर जाऊन तिला फोन लावला.

"काय गो, अशी भर दुपारी? बरी हाय ना?" मागे मासळीबाजाराचा गलका होता.

"सुलभा, तू थकलीस का गं?"

ती गलक्यातून बाजूला आली. मग म्हणाली, "आजपर्यंत कोनी इचारला नाय. थकले गो. चार दिस तरी आईला तुज्याकडं ने."

उद्या सकाळी आईला आणायला जातेय. नवऱ्याला सांगितलं, विचारलं नाही. तरी जीव थाऱ्यावर नाही. चार दिवसांनंतर काय, हे मलाच ठाऊक नाही.

तुमच्या आईवडिलांजवळ कोण राहिलंय? "थकलीस का?" असं त्या माणसाला कधी विचारलंत?