डायल एकाकडे, स्टँड दुसऱ्याकडे

ओरासिओ तोंडाचा फटकळ होता हे सगळ्या वालेसेको गावाला ठाऊक होतं, तरी लोक गाड्या त्याच्याकडेच आणत. जुन्या, लहान टर्बो डिझेलमधून तो जेवढी ओढ काढायचा तेवढी त्या डोंगरात आणखी एकालाच जमायची. आणि तो एक रस्त्यापलीकडे, बरोबर समोर गॅरेज टाकून बसला होता. फिर्मिनो. ओरासिओचा सख्खा धाकटा भाऊ.

दोघं अकरा वर्षं बोलले नव्हते. बाप गेल्यावर हत्यारं वाटायला बसले तिथंच बिनसलं. पाने वाटले, जॅक वाटला, शेवटी उरलं बापाचं माप: इंजिनात केसाएवढा फरक दाखवणारा डायल आणि त्याला धरून ठेवणारा चुंबकाचा स्टँड. एकाला सोडवेना, दुसऱ्याला देववेना. मग डायल फिर्मिनोनं उचलला, स्टँड ओरासिओनं. सुटे सुटे दोन्ही कुचकामी. दुकानात तसं माप सहज मिळतं, पण विकत आणणं म्हणजे आपला हिस्सा कमी होता असं कबूल करणं. दोघंही अकरा वर्षं नखानं आणि पट्टीनं भागवत होते. एवढी शहाणी माणसं एकाच घरात निपजली होती.

गिऱ्हाईक कुरकुरलं की ओरासिओ हनुवटीनं समोर दाखवायचा. "पटत नसेल तर त्या आंधळ्याकडे जा. वाकडे रॉड तिथंच मिळतात."

त्याच्या कामाला मात्र रीत होती. गाडी आली की आधी क्लच बदलायचा, कारण वाढलेली ओढ जुना क्लच झेलत नाही, नुसता घसरतो. मग थोडा मोठा टर्बो, इंजेक्टरांचे नवे नोझल, आणि सगळ्यात शेवटी लॅपटॉप जोडून डिझेल आणि हवेचा दाब वाढवायचा. एक गोष्ट तो बापाची आण घेतल्यासारखी पाळायचा. इंजिनाचे फेरे मिनिटाला दोन हजारांच्या वर गेल्याशिवाय पूर्ण जोर द्यायचा नाही. खाली जोर दिला तर गाडी झकास उडी घेते, आणि एक दिवस पिस्टनखालचा कनेक्टिंग रॉड वाकतो.

ही रीत मोडली ती इदालिनामुळे. इदालिना म्हणजे मेंढ्या, चीज आणि जीभ. तिच्या लहान गाडीच्या मागं मेंढ्यांचा ट्रेलर असायचा, आणि वरच्या कुरणाकडे जाताना चॅपेलच्या वळणावर तिला दुसऱ्या गिअरमध्ये उतरावं लागायचं. तेवढ्या हिसक्यानं मेंढ्या एकमेकींवर पडायच्या.

"मेश्त्रे ओरासिओ, मला ते वळण तिसऱ्यात चढायचंय," ती म्हणाली.

"मेंढ्यांना धरून उभं राहायला शिकवा."

"जमत नसेल तर तसं सांगा. मी समोर विचारते."

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. ओरासिओनं त्याच दुपारी सगळं बसवलं, आणि पूर्ण जोराची हद्द दोन हजारांवरून सोळाशेवर आणली. गाडी तिसऱ्यात वळण चढली. ख्रिसमसपर्यंत कॅफेत दुसरा विषय नव्हता. फिर्मिनो कोपऱ्यात बसलेला असला की ओरासिओ तेच मुद्दाम मोठ्यानं सांगायचा.

फेब्रुवारीत ती गाडी खडखडत त्याच्या दारात आली. गार इंजिन ठोके देत होतं आणि मागून पांढरा धूर निघत होता.

"रॉड वाकवलात," इदालिना म्हणाली.

"डिझेल कुठलं भरलंत? स्पेनहून आणलं असेल स्वस्तातलं."

"उघडा आणि दाखवा. तोवर मी इथून हलत नाही."

ती खरंच तेलाच्या डब्यावर बसली. ओरासिओनं चरफडत इंजिनाचं वरचं झाकण, हेड, उतरवलं. प्रत्येक पिस्टन वर आणून त्याच्या कडेवरून नख फिरवलं. पिस्टन ब्लॉकच्या वर थोडा डोकावतो. रॉड वाकला असेल तर कमी डोकावतो. तिसऱ्यापाशी नख जरा लवकर खाली आलं. का तसं नुसतं वाटलं? वाटलंच असेल, असं त्यानं ठरवून टाकलं.

"सगळे सारखे आहेत."

"नख नको. आकडा सांगा."

"आकड्याचं माप नाही माझ्याकडे."

"अर्धं आहे की," इदालिना म्हणाली आणि उठून रस्ता ओलांडून गेली.

ती फिर्मिनोला घेऊनच परतली. त्याच्या हातात फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेला डायल होता आणि दुसरा हात तिच्या दंडावर. म्हातारपणी बाईमाणसाचा हात धरून चालतोय, ओरासिओच्या मनात आलं, आणि ते बोलायचं त्यानं राखून ठेवलं.

"दोना इदालिना," फिर्मिनो म्हणाला, "त्याला सांगा, डायल फक्त मापापुरता देतोय."

"त्याला सांगा, स्टँडवर शेंबूड गाळू नको."

"मी काय टपालखातं आहे?" इदालिना म्हणाली. "घ्या मापं."

चुंबक ब्लॉकला चिकटला. फिर्मिनोनं चाचपडत डायल स्टँडवर कसला. अकरा वर्षांनी ते माप पुन्हा पुरं झालं होतं, पण त्याचं कौतुक करायला दोघांपैकी कुणालाच सवड नव्हती. ओरासिओनं डायलची कडा फिरवून काटा शून्यावर आणला, टोक पहिल्या पिस्टनवर टेकवलं आणि पान्यानं क्रँक फिरवला.

"किती?" इदालिनानं विचारलं.

फिर्मिनो डायलवर वाकला. बराच वेळ वाकून राहिला. ओरासिओचा डावा तळवा अजून डायलच्या काचेवर होता. काटा, आकडे, सगळं त्याखाली झाकलेलं. तरीही फिर्मिनो डोळे बारीक करून बघतच होता.

"त्यालाच वाचू दे," तो शेवटी म्हणाला. "नाहीतर म्हणेल मी खोटं वाचलं."

ओरासिओनं हात हळूच काढला. फिर्मिनोच्या चष्म्यामागच्या बुबुळांवर दुधाळ पडदा होता. भाऊ आंधळा झाला होता, आणि गावातल्या एकानंही त्याला हे सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? अकरा वर्षं तो स्वतःच त्याला आंधळा म्हणत आला होता. लोकांना वाटलं असेल, याला माहीतच आहे. त्याला संताप आला. कुणाचा ते त्याला कळेना.

"पहिला पंच्याण्णव," त्यानं वाचलं. "दुसरा चौऱ्याण्णव."

तिसऱ्यावर काटा पंचेचाळीसवर थांबला. पन्नास घरं, म्हणजे अर्धा मिलिमीटर कमी. इदालिनाला डायल वाचता येत नव्हता आणि फिर्मिनोला दिसत नव्हता. पंच्याण्णव म्हटलं असतं तर नाव वाचलं असतं, दोष स्पेनच्या डिझेलवर गेला असता, आणि कॅफेत मान ताठ राहिली असती. शब्द तोंडात तयार होता. पण ज्याला तोंडावर शिव्या घालायच्या, त्याला अंधारात फसवायचं हे ओरासिओला जमेना.

"पंचेचाळीस," तो म्हणाला. "वाकलाय. माझ्यामुळे वाकला. सोळाशेवर आणायला नको होतं."

इदालिनानं नुसतं नाक उडवलं. फिर्मिनो पहिल्यांदाच सरळ त्याच्याशी बोलला.

"तिसराच. मला जानेवारीपासून ऐकू येतोय."

"मग बोलला का नाहीस?"

"तू विचारलंस का?"

"चारी रॉड जाड घालतो, तरी जोर दोन हजारांच्या वरच देणार," ओरासिओ इदालिनाला म्हणाला. "वळण दुसऱ्यात चढायचं. पडू दे मेंढ्या."

"आधी एवढी अक्कल असती तर," इदालिना म्हणाली आणि बसस्टॉपकडे चालू लागली. फिर्मिनोला न्यायला ती थांबली नाही.

फिर्मिनोनं डायल सोडवला, फ्लॅनेलमध्ये गुंडाळला, खिशात घातला. ओरासिओनं स्टँड खणात टाकून खण आपटला. ठेवून जा असं हा म्हणाला नाही, आणि ठेवतो असं तो म्हणाला नाही.

भिंतीला हात लावत फिर्मिनो रस्त्याच्या कडेला पोचला आणि मान कलती करून थांबला. दोन्ही बाजूंना रस्ता ओस होता. खाली नदीकाठी कुठंतरी ट्रॅक्टर चालला होता, त्याचाच आवाज तो ऐकत असावा. ओरासिओनं त्याला तसंच थोडा वेळ उभं राहू दिलं. मग त्याच्यानं राहवेना.

"रस्ता मोकळा आहे, गाढवा. जा."

फिर्मिनो हलला नाही. ट्रॅक्टरचा आवाज पार विरेपर्यंत तो तसाच कान देऊन उभा राहिला, आणि मगच त्यानं पाऊल टाकलं.