पांढऱ्या पातळाची घडी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पातळ ओढणं. संध्याकाळची वेळ होती. अनसूयाचं ड्यूटीचं पांढरं पातळ अंगणातल्या दोरीवर होतं, भाताच्या पेजेची खळ दिलेलं. खळीचं कापड पुरतं वाळू द्यायचं नसतं. थोडी ओल असतानाच दोघांनी दोन टोकं धरून ओढायचं, म्हणजे चुणी राहत नाही. ती मोरीजवळ उभी, मी दारापाशी, मधे ते पाच वार पांढरं.

"वढा ना जी. जेवले नाई का?"

"वढूनच राहिलो. तीन बोटांनी किती वढू?"

"बोटं पुरतात. तुमचं ध्यान त्या बिडीत हाय."

माझ्या उजव्या हाताला दोन बोटं नाहीत. म्हणून ती नेहमी काठाचं टोक माझ्या हातात द्यायची. काठ जाड असतो, निसटत नाही. ओढून झालं की घडी. एकेका घडीला आम्ही एकमेकांकडे चालत यायचो, शेवटी ती माझ्यासमोर उभी राहून माझ्या हातातलं टोक काढून घ्यायची. मग घडी गादीखाली. आमच्या घरी इस्त्री नव्हती. रात्रभर आमच्या दोघांचं वजन, तीच इस्त्री. त्या घडीवर आम्ही वीस-बावीस वर्षं झोपलो. त्या दिवशी घडी ठेवून, गादीवर हात फिरवून ती म्हणाली, "झालं उद्याचं."

अनसूया माझी बायको. सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात आया होती. मी तिसरीपर्यंत शिकलेला, लकडगंजात आरामशीनवर लाकडं कापणारा माणूस. मला चांगलं लिहिता येत नाही. पण ती कशी होती हे तिला न पाहिलेल्यांना कळावं, म्हणून लिहितो.

आयाचं काम काय असतं ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बाळंतिणीखालचं भांडं काढायचं, रक्ताच्या चादरी धुवायच्या, नाळ-वार उचलायची, लादी पुसायची, पोर न्हाऊ घालायचं. असल्या कामाला बाया घरचं जुनं, विटलेलं नेसून यायच्या. फाटलं तर फाटलं, डाग पडला तर पडला. अनसूया जायची ती पांढरं पातळ, निळा काठ, निऱ्या मोजून सात, केसांना तेल, नखं कापलेली. पदर कमरेला असा खोचायची की दिवसभर सुटायचा नाही. सकाळी सहाला गल्लीतून निघाली की नळावरच्या बाया म्हणायच्या, "चालली पाहा डाक्तरीन." ती चालता चालताच म्हणायची, "डाक्तरीन नाई वं, आया. तुह्यं सातवं पोरगं आलं का बलाव मले."

आम्ही दोघं धम्मदीक्षेच्या आधी जन्मलेले. लहानपणी आमच्या लोकांना धुतलेलं घातलं म्हणून बोलणी खाताना आम्ही पाहिलं आहे. मला वाटायचं, ती त्याचीच भरपाई करते. एकदा तसं म्हणालोही. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "ते असन. पन तेवढंच नाई."

"मग काहून? घान काढाले कडक पातळ कशाले पायजे?"

"पोरगं डोळे उघडते तं समोर कोन असते? माय तं बेसुद पडून असते. डाक्तर हात धुवाले गेलेला असते. पयले मीच दिसतो त्याले. त्याले वाटाले नको का, बऱ्या जागी आलो म्हनून?"

तव्यावरची भाकरी जळली, दोघांचंही लक्ष नव्हतं. शहाण्या माणसांची भाषणं मी मैदानात बसून ऐकलेली आहेत. पण त्या वॉर्डात रोज जी पंधरा-वीस पोरं जन्मतात, त्यांना काय वाटत असेल, हा विचार कोणी केलेला मला माहीत नाही.

खळीसाठी आमच्या घरात भात अळणी शिजायचा. तांदूळ तिच्या भावाकडून यायचा, कुही गावाकडचा, नव्या तांदळाची पेज दाट निघते. मला अळणी भात आवडत नाही. वर मीठ घेऊन खायचो आणि कुरकुर करायचो. त्या मिठानंच एकदा घात केला.

तेव्हा तिला रोजावर लागून सात वर्षं झाली होती. रोजावरच्या बाईला कधीही उद्या येऊ नको म्हणतात. पोरगी कुंदा शाळेत जायची, आरामशीन पावसाळ्यात अर्धी बंद. अनसूया कायम झाली असती तर आमचं घर उभं राहिलं असतं. आणि तेव्हाच बातमी आली की मोठे साहेब येणार, आयांना रांगेत उभं करून पाहणार, दोघींना कायम करणार.

त्याच आठवड्यात वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरनी तिला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "अनसूया, तू कडक पातळ नेसू नकोस. लोक तुला सिस्टर म्हणतात. माझ्या हाताखालच्या पोरींना ते बरं वाटत नाही."

"लोकांले मी सांगतो ना बाई, सिस्टर नाई, आया हावो म्हनून."

आणि सांगायचीच ती. कोणी नातेवाईक "सिस्टर" म्हणाला की उभ्या जागी दुरुस्त करायची. तिला दुसरं कोणी दिसायचं नव्हतं. आयाच दिसायचं होतं, पण नीट.

आमच्याच गल्लीत शांता राहायची, तीही तिथंच आया. तिनं सल्ला दिला, "अनसूये, परवा फाटकं नेस वं. साहेबाले दया आली पायजे." मीही तेच म्हणालो. "गरीब दिसशीन तं कायम करतीन. एक दिवसानं काय होते?"

"आपन गरीबच हाओत. दिसाले काय नाटक करा लागते?" एवढंच बोलली.

साहेब येणार त्याच्या आदल्या दिवशी तिला दुहेरी ड्यूटी लागली. स्वयंपाक मी केला. भात टाकला, आणि माझ्याच हातानं मीठ टाकलं. भातात मीठ टाकतात, माझ्या डोक्यात दुसरं आलंच नाही. पेज गाळून तिच्या गंजात ठेवली, वर झाकण ठेवलं, मोठा शहाणपणा केल्यासारखा. ती थकून आली, त्याच पेजेची खळ दिली, पाऊस होता म्हणून पातळ घरातच चुलीवर टांगलं. मिठाचं कापड वाळत नसतं, हवेतली ओल ओढून घेतं. सकाळी पाहिलं तर पातळ चिकट, लोळागोळा. तिनं काठ जिभेला लावला.

"मीठ टाकलं का जी?"

"हाओ."

दुसरं पातळ आदल्या दिवशीच्या रक्तानं भरलेलं, साबणात भिजत होतं. ती खाली बसली. मला वाटलं आता रडेल, नाहीतर माझी आईमाई काढेल. मी त्याच लायकीचा होतो. ती उठली, पितळी लोट्यात निखारे भरले आणि पातळावर फिरवायला लागली. पेज लोट्याला चिकटली, हाताच्या पंजाएवढा तांबूस डाग पडला. तो डाग तिनं निऱ्यांच्या आत घेतला. सात निऱ्या मोजल्या आणि निघाली.

पुढचं शांतानं सांगितलं. दहापासून दोनपर्यंत सगळ्या उभ्या. बाकीच्या भिंतीला टेकल्या, खाली बसल्या. अनसूया बसली नाही. बसली असती तर ते चिकट कापड चुरगळलं असतं. साहेब तिच्यापुढे थांबला. म्हणाला, "तू सिस्टर आहेस का?"

"नाही साहेब. आया."

"मग या कामाला एवढा थाट कशाला?"

तिनं जे मला चुलीपुढे सांगितलं होतं तेच त्याला सांगितलं. पोराला पहिले मीच दिसते. साहेबानं वर पाहिलं, मोठ्या सिस्टरकडे पाहिलं, आणि पुढे गेला.

कायम झाली शांता. आणखी एक बाई. अनसूया नाही.

शांता संध्याकाळी दारात आली, तोंड पाडून, चोरी केल्यासारखी. अनसूयानं तिला आत ओढलं, तोंडात साखर घातली. म्हणाली, "आता कायम झाली ना? आता तरी धुतलेलं नेस वं बाई." दोघी हसल्या. शांताला हसता हसता रडू आलं.

ती गेल्यावर मी बोललो. माझं तोंड खराब आहे. "पाह्य, मी म्हनत होतो. तुह्या नखऱ्यानं गेली नोकरी."

"नखऱ्यानं नाई, तुमच्या मिठानं," ती म्हणाली. मग तीच म्हणाली, "मिठानं बी नाई. जाऊ द्या. मी नोकरी मांगाले गेलती, भीक नाई."

आणि दुसऱ्या दिवशी सहाला पांढरं पातळ, सात निऱ्या. मी दारात उभा राहून ती वळेपर्यंत पाहत राहिलो. सात वर्षांचं पाणी झालेली बाई अशी चालत नाही. मी असतो तर घरी पडलो असतो.

दोन वर्षांनी मोठ्या सिस्टरची स्वतःची लेक त्याच वॉर्डात बाळंतपणाला आली. कळा सुरू झाल्या तसं सिस्टरनी विचारलं, "अनसूयाची ड्यूटी कधी आहे? पोरीजवळ तीच पाहिजे मला." त्याच वर्षी अनसूया कायम झाली. दोन्हीचं काही नातं होतं का, मला ठाऊक नाही. ती म्हणायची, नाही.

आता माझं सांगतो. सांगायला लाज वाटते, पण तिचं सांगायचं तर माझं सांगावंच लागेल.

मी कामावर फाटक्या बनियनवर जायचो, गळ्यात दुपट्टा. ती रोज म्हणायची, "सदरा घाला, गुंड्या लावा, मशीनवर दुपट्टा नेऊ नका. कामावर चालले, आखाड्यात नाई." मी म्हणायचो, "लाकडाले काय कळते?" ती म्हणायची, "लाकडाले नाई, तुमाले तं कळते." एकदा तिचा डबा घरी राहिला म्हणून मी तसाच वॉर्डाच्या दारात गेलो. अंगभर भुसा. तिनं दारातच हात आडवा केला. "तिथंच थांबा जी. आत कालची पोरं हायेत." चार बायांसमोर. मला राग आला. डबा खाली ठेवला आणि निघून आलो. पुन्हा त्या दारात पाय ठेवला नाही.

त्यानंतर एका दुपारी दुपट्ट्याचं टोक मशीनच्या पट्ट्यात गेलं. गळा वाचवायला मी हात घातला. गळा राहिला, दोन बोटं गेली. मला त्याच दवाखान्यात नेलं. अनसूया तिच्या वॉर्डातून आली, तसंच कडक पातळ. टाके पडेपर्यंत माझा हात धरून उभी. ते पातळ पार लाल झालं. "मी सांगितलं होतं ना," असं एक अक्षर बोलली नाही, तेव्हा नाही आणि मरेपर्यंत नाही. मी तिच्या जागी असतो तर रोज बोललो असतो.

घरी आल्यावर तिनं माझ्यासाठी जाड्याभरड्या कापडाचा सदरा शिवून आणला, अर्ध्या बाहीचा, आखूड, मशीनमध्ये काही अडकू नये असा. मी दुपट्टा सोडला. सदरा घातला नाही. काहून, ते नीट सांगता येत नाही. घातला असता तर तिचं खरं ठरलं असतं, एवढंच असेल. ती दर आठवड्याला पातळाची पेज उरली की त्या न घातलेल्या सदऱ्याला खळ द्यायची, गादीखाली दाबायची आणि पुन्हा खुंटीला लावायची. दहा-अकरा वर्षं. मला घाला म्हणणं तिनं बंद केलं होतं. पण सदरा तयार असायचा.

त्या शेवटच्या संध्याकाळी पातळ ओढून झाल्यावर तिनं सदऱ्याचीही घडी केली होती.

सकाळी पाचला तिनं पाणी भरलं. पाण्याची दुसरी घागर आत आणून ठेवली आणि भिंतीला टेकून बसली. म्हणाली, "पाठीले जरा हात लावा." मी हात लावला. ती माझ्या हातावर रेलली, ती रेललीच. शांता धावत आली, बाया जमल्या, कोणीतरी कुंदाला आणायला तिच्या सासरी, कन्हानला गेलं.

बाया नवं पातळ आणायची गोष्ट करत होत्या. मी गादी उचलली, घडी काढली, शांताच्या हातात दिली. म्हणालो, "हे नेसवा. निऱ्या सात."

मग मी मोरीत गेलो. आंघोळ केली. दाढी केली. गादीखालचा सदरा काढून घातला, सगळ्या गुंड्या लावल्या. तीन बोटांनी वेळ लागतो. घरात मढं पडलेलं आणि हा नटून राहिला, असं कोणीतरी म्हणालं. शांता म्हणाली, "भाऊ, कुठं चालले गा?"

"सातले ड्यूटी हाय तिची. न सांगता ती कधी घरी राह्यली नाई."

चालत गेलो. सदरा इतका कडक होता की प्रत्येक पावलाला त्याचा आवाज येत होता. वॉर्डाच्या दारापाशी थांबलो, चपला बाहेर काढल्या, हात झटकले. भुसा नव्हता, तरी झटकले. आत एक पोरगं रडत होतं. एक तरुण सिस्टर आली. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "या ना, आत या. कोण पाहिजे?"

मी दारातच उभा राहिलो. म्हणालो, "अनसूया आयाचा घरवाला आहे मी. ती आज कामावर येणार नाही, हे सांगायला आलो."