मासे आलेच नाहीत

विंडवर्ड गावच्या किनाऱ्यावर थॅडियस इनोनं साठ वर्षं होड्या बांधल्या आणि साठ वर्षं लोकांनी त्याची चेष्टा केली. वेस्ट इंडीजमधल्या या कारियाकू बेटावर नवी होडी पाण्यात लोटायची म्हणजे बोकड कापायचा, होडीवर रम शिंपडायची, ढोल बडवायचे. थॅडियस रमची बाटली दिसली की बायबल काखोटीला मारून चर्चची वाट धरायचा. "मेस्त्री, होडी तुमची, सैतान आमचा," असं पोरं मागून ओरडायची. तो नुसता हात हलवायचा.

माणूस कामाला वाघ. सात मुलांना त्यानं लाकूड तासायचा वाकस चालवून वाढवलं, मासळीचा मधला तुकडा कधी स्वतःच्या ताटात घेतला नाही. खोटं तर त्याच्या जिभेला ठाऊकच नव्हतं. रंगाखाली झाकलेली फळीतली गाठसुद्धा गिऱ्हाइकाला आपणहून दाखवायचा आणि घरी येऊन बायकोची, ऑरेलियाची, बोलणी खायचा.

त्याची आई वारल्यावर ती शेजारणीच्या स्वप्नात आली आणि जेवायला मागू लागली. असं झालं की बेटावर मेलेल्यासाठी ताट मांडतात. थॅडियसनं साफ नकार दिला. आई येशूपाशी आहे, तिथं कुणी उपाशी राहत नाही, म्हणाला. ऑरेलियानंही ते मानलं.

नव्वदी ओलांडल्यावर त्याचं हृदय थकलं. डॉक्टरांनी मीठ बंद केलं, तळण बंद केलं. म्हातारा मक्याच्या आळणी लापशीकडे बघून तोंड फिरवायचा आणि तळलेला मासा मागायचा. बिनमिठाचा उकडून देता आला असता, पण रोज वेगळं रांधायचा ऑरेलियाला कंटाळा आला. एक दिवस ती वैतागून म्हणाली, "आज मासे आलेच नाहीत."

त्यानं लापशी मुकाट्यानं खाल्ली. मग तिला रोज तेच सांगायची सवय लागली.

पण त्या संध्याकाळपासून थॅडियस कोळ्यांसाठी प्रार्थना करू लागला. देवा, यांची जाळी भर, यांची पोरं उपाशी आहेत. बोलता बोलता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं. आणि ऑरेलिया दुपारीच शेजारच्या क्लेवन कोळ्याच्या चुलीपाशी उभ्याउभ्या दोन मासे खाऊन आलेली असायची. हाताला वास येऊ नये म्हणून लिंबू चोळायची.

एकदा क्लेवननं तिला कुंपणापाशी गाठलं. "मामी, काल जाळं ओढवत नव्हतं इतकी मासळी होती. आणि मामा आमच्यासाठी रडतोय. मला घास गिळवत नाही. सांगून टाक त्याला."

उद्या सांगते, ती म्हणाली. रोजच ती उद्या सांगणार होती. तेवढ्यात थॅडियस झोपेतच गेला.

दफनाआधी चर्चमध्ये पाळकांनी मोठ्या कौतुकानं सांगितलं की मरणाच्या दारातही या भल्या माणसाला उपाशी कोळ्यांची काळजी होती. मागच्या बाकावर कोळी खाली मान घालून बसले. ऑरेलियाला वाटलं, आत्ता धरणी दुभंगावी आणि आपण तिच्या पोटात जावं. तिला त्याची माफी मागायची होती, आणि आता ती कुठं जाऊन मागणार?

शेवटी तिनं त्याचा शब्द मोडला. भरपूर मीठ लावून मासे तळले, पांढऱ्या कापडावर त्याच्यासाठी ताट मांडलं. तो उपाशी असेल म्हणून नव्हे. तो यावा, आणि आपल्याला एकदाचं सांगता यावं म्हणून. खुर्चीत बसल्या बसल्या भर दुपारी तिचा डोळा लागला.

थॅडियस आला, खांद्यावर वाकस घेऊन. ताटाकडे बघून त्याचा चेहरा फुलला.

"ऑरी, आले वाटतं मासे?"

"आले," ती म्हणाली. "अहो, ऐका ना..."

"ऐकलं गं त्यानं. एवढे दिवस मागत होतो, ऐकलं बघ शेवटी."

त्यानं वाकस खाली ठेवला, हात जोडले आणि डोळे मिटून देवाचे आभार मानायला लागला. तो प्रार्थनेत असताना त्या घरात कधी कुणी मध्ये बोललं नव्हतं. ऑरेलियाही बोलली नाही.