कलम तीनशे चोवीस

मी तालुक्याच्या कोर्टात कारकून होतो. निवृत्त झाल्यावर राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी येऊन राहिलो. मुलगा मुंबईला नोकरीत, सून आणि नात माझ्याजवळ. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. गाव सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळी माळाच्या, उतारावर आहे आणि मोबाइलला रेंज मिळते ती फक्त घरामागे विहिरीच्या कठड्यापाशी. सकाळचा चहा घेऊन मी तिथेच उभा राहायचो.

पोलिसांच्या संकेतस्थळावर अटक झालेल्या आरोपींची यादी असते, हे मला एका जुन्या सहकाऱ्याने दाखवलं. जिल्हा निवडायचा, ठाणं निवडायचं, तारीख टाकायची. नाव, वय, गाव, गुन्ह्याचा क्रमांक, कलम, सगळं समोर येतं. आधी एकदा सहज बघितलं. मग रोज बघायला लागलो. आमच्या ठाण्याची यादी बहुतेक दिवशी रिकामीच असे, आणि ती रिकामी दिसली की मला थोडं चुकल्यासारखं व्हायचं. हे लिहिताना लाज वाटते, पण ते खरं आहे.

कधी नाव सापडलं, की मी नाक्यावरच्या दुकानात जाऊन बसायचो आणि कोणीतरी विषय काढेपर्यंत थांबायचो. नाही काढला तर मीच काढायचो. "खालच्या वाडीतल्या त्याला दारूबंदीत घेतलाय," असं म्हटलं की चार डोकी माझ्याकडे वळत. मग मी कलम सांगायचो, जामीन मिळेल की नाही ते सांगायचो. नोकरीत असताना मोठमोठे लोक माझ्या टेबलाशी वाकून बोलत. गावात आल्यावर माझ्याशी बोलण्यासारखं कोणाकडे काही नव्हतं. त्या यादीने ते पुन्हा मिळवून दिलं.

आमच्या गावची मुलं शेजारच्या गावातल्या शाळेत जातात. त्यांना नेणारा व्हॅनवाला आमच्याच गावचा, पस्तिशीचा. आधी नाटे बंदरात बोटीवर खलाशी होता. लग्नानंतर त्याने जुनी व्हॅन घेतली. अकरा मुलं त्याच्या गाडीत असत. त्यात माझी नात, आणि तिच्याच तिसरीच्या वर्गातली त्याची स्वतःची मुलगी. पावसात ओढ्यावरच्या मोरीवर पाणी आलं की तो मुलांना गाडीत बसवून स्वतः उतरायचा, चालत पलीकडे जाऊन पाणी किती आहे ते बघायचा, मगच गाडी घालायचा. माझ्या नातीनेच मला हे सांगितलं होतं.

एका सकाळी त्याचं नाव यादीत दिसलं. त्याचं नाव, बापाचं नाव, आडनाव, आमचं गाव. पुढे कलम ३२४.

तीनशे चोवीस मला पाठ होतं. घातक हत्याराने दुखापत. कितीतरी प्रकरणांच्या फायलींवर मी स्वतःच्या हाताने ते लिहिलं होतं. कोयता, कुऱ्हाड, पहार, जे हाताला लागेल ते घेऊन माणसं एकमेकांवर जातात आणि तीनशे चोवीस लागतं. मी फोनवरच त्या यादीचा फोटो काढून घेतला.

घरात येऊन सुनेला सांगितलं. ती डबा भरत होती. नात बाजूला बसून बुटाचे बंद बांधत होती, तिच्याकडे माझं लक्षच नव्हतं.

"अहो बाबा, त्यांना आधी विचारा ना काय झालं ते," सून म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? सरकारी यादी आहे. कोणावर तरी कोयता उगारला असणार."

परत विहिरीपाशी जाऊन मी तो फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "कलम ३२४ म्हणजे घातक हत्याराने दुखापत करणे. पालकांनी विचार करावा." शेवटचं वाक्य लिहिताना मला बरं वाटलं होतं. मी नातीच्या काळजीपोटी ते केलं असं पुढे पुष्कळांना सांगितलं. थोडी काळजी असेलही. पण फोटो टाकल्यावर मी कठड्याशी उभा राहून कोणाकोणाचं उत्तर येतं ते बघत राहिलो, हे मला ठाऊक आहे.

थोड्या वेळाने वळणावर व्हॅनचा हॉर्न वाजला. सुनेने बाहेर जाऊन सांगितलं, आज मुलीला सर्दी आहे. त्या दिवशी व्हॅनमध्ये चार मुलं गेली. शनिवारपर्यंत त्याची मुलगी एकटीच मागच्या सीटवर बसून जाताना दिसायला लागली.

सोमवारी दुपारी तो माझ्याकडे आला. पायरीखाली चपला काढल्या आणि पडवीत येऊन उभा राहिला. मी बस म्हटलं तरी बसला नाही. हातात घडी घातलेले कागद होते.

"काका, तुमी कोर्टातले. हे जरा वाचून सांगा. माझ्यावर हत्याराचं कलम खरंच लावलंय काय?"

"तुला कोणी सांगितलं?"

"तुमीच लिवलंत ना ग्रुपवर. बायकोच्या फोनवर आला." आवाजात राग नव्हता. खात्री करून घ्यायला आला होता. "मी गडगा पाडला, काका. शेजाऱ्यानं आमच्या वाटेत चिऱ्याचा गडगा घातलान. पंधरा दिवस गाडी वर सड्यावर ठेवतोय. बोलून बघितला, पंचांना सांगितला. मग डोक्यात गेला, पहार घेतली आणि पाडला. माणसाला हात नाय लावला मी. तो तिथं नव्हताच."

मी कागद उघडले. पहिल्याच पानावर कायद्याचं नाव होतं, भारतीय न्याय संहिता. नवा कायदा आला तेव्हा मी निवृत्त झालो होतो. आकडे बदलले आहेत हे पेपरात वाचलं होतं, पण माझ्या डोक्यात जुनेच आकडे राहिले होते. नव्या कायद्यात तीनशे चोवीस म्हणजे मालमत्तेचं नुकसान. खाली मजकूरही होता, जांभ्या दगडाची भिंत पाडून नुकसान केले. त्याच दिवशी ठाण्यातूनच जामीन झाला होता.

मी उठून विहिरीपाशी गेलो. तो पडवीतच उभा होता. यादी पुन्हा उघडली आणि बोटाने बाजूला सरकवली. फोनच्या पडद्यापेक्षा तक्ता रुंद होता. कडेला आणखी एक रकाना होता, त्यात कायद्याचं नाव स्पष्ट लिहिलेलं. मी तो रकाना कधी बघितलाच नव्हता. आजवर नाक्यावर ज्यांची ज्यांची कलमं सांगितली, त्यातली किती चुकीची होती कोण जाणे.

परत येऊन मी त्याला म्हणालो, "हत्याराचं नाही. नुकसानीचं आहे."

"मग तेवढा लिवा, काका. तुमी लिवलंत म्हणून लोकांनी मानला. आता तुमीच लिवा."

"लिहितो," मी म्हणालो. माझं चुकलं असं त्या वेळी म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी त्याला नव्या आणि जुन्या कायद्यातला फरक समजावून सांगत बसलो. तो मान हलवत राहिला.

संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं, "सदर प्रकरणी नवीन कायद्यातील कलमांच्या क्रमांकांमुळे गैरसमज होण्याची शक्यता आहे, तरी सर्वांनी नोंद घ्यावी." जन्मभर अशीच भाषा लिहिली. त्यात चूक कोणाची, ते कुठेच येत नाही. दोघांनी अंगठे टाकले. एकाने त्याखाली वीजबिलाबद्दल विचारलं. व्हॅन रिकामीच जात राहिली.

आठवडाभराने पाखाडीच्या पायऱ्यांवर त्याची बायको भेटली. डोक्यावर गवताचा भारा होता. मी बाजूला झालो. ती पुढे गेली आणि दोन पायऱ्या उतरून थांबली.

"तुमी दुसरा मेसेज टाकलात तो वाचला," ती म्हणाली. "पण आमच्या पोरीला वर्गात विचारतायत, तुझा बाबा कोयता कुठं ठेवतो. ती शाळेत जायला रडते."

"कोण विचारतं? मी बाईंना सांगतो."

तिने भारा सावरला आणि मग म्हणाली, "तुमचीच नात."

मी घरी आलो तेव्हा नात पडवीत पाढे लिहीत होती. मी तिच्याजवळ बसलो आणि विचारलं, असं का विचारलंस तिला?

"तुम्हीच आईला सांगत होता ना, त्यांनी कोयता उगारला म्हणून," ती म्हणाली. तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आजोबांनी सांगितलं ते तिने पुढे सांगितलं होतं.

"ते माझं चुकलं. त्यांनी कोणाला मारलं नाही. त्यांनी दगडांचा गडगा पाडला. मी नीट वाचलं नव्हतं."

"मग त्यांना सांगितलंत?"

"ग्रुपवर लिहिलंय."

"पण ती कुठे आहे ग्रुपवर?"

दुसऱ्या दिवशी मी नातीला घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्या मुलीसमोर म्हटलं, तुझ्या बाबांबद्दल मी खोटं सांगितलं, ते खरं आहे का हे न बघता. ती आईच्या पाठीमागे उभी होती. ऐकलं आणि आत गेली. तिच्या आईने चहा ठेवला. मला तो पिणं जड गेलं, पण नको म्हणणं त्याहून जड होतं.

रविवारी देवळात वाडीची बैठक होती. विषय पाण्याच्या टाकीचा होता. तो संपल्यावर मी उभा राहिलो. कलम मी चुकीचं सांगितलं, चूक सर्वस्वी माझी आहे, त्याच्या गाडीत मुलं पाठवा, एवढं बोललो. 

मागून एकजण म्हणाला, "पण काका, अटक झाली होती ना?"

"झाली होती."

"यादीत नाव होतं ना?"

"होतं."

"मग झालं तर."

मी आणखी काही बोललो, पण माणसं सतरंज्या गोळा करायला लागली होती. ज्या लोकांना मी वर्षभर यादी वाचून दाखवली, त्यांना यादीवर विश्वास ठेवू नका असं कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

तीन मुलं परत आली, त्यात माझी नात. बाकीच्यांनी शेजारच्या गावची गाडी ठरवली होती. चार मुलांवर व्हॅन चालेना. दिवाळीनंतर त्याने मागच्या सीट काढल्या आणि आता तो नाट्याहून मासळीची खोकी राजापूरला नेतो. मुली एसटीने जातात. दोघी एका सीटवर बसतात, असं सून सांगते. मी विचारत नाही.

गडग्याचं प्रकरण उन्हाळ्यात मिटलं. शेजाऱ्याने वाट सोडली, याने चिरे पुन्हा रचून दिले. तडजोडीचा अर्ज मीच लिहिला आणि त्याच्याबरोबर कोर्टात गेलो. जुने सहकारी भेटले. कोणाबरोबर आलात म्हणून विचारलं. शेजारी आहे, असं मी सांगितलं.

काम झाल्यावर आम्ही आवारात आलो. तो खूश होता. मला म्हणाला, "काका, आता केस मिटली. म्हणजे त्या यादीतनं नाव जाईल ना?"

त्याच सकाळी मी ती जुनी तारीख टाकून बघितली होती. नाव तिथेच होतं. ते कोण काढतं, कधी काढतं, की काढतच नाहीत, हे मला माहीत नव्हतं.

"विचारून सांगतो," मी म्हणालो.

तो गाडी आणायला गेला. मी कोणालाही विचारलं नाही. त्यानंतर दोनदा तो नाक्यावर भेटला आणि दोन्ही वेळा मी दुसराच विषय काढला.