मी कापलेला खोकला

यवतमाळच्या एकाच कॉलेजात, मराठी विभागात, आम्ही दोघं नवराबायको शिकवत होतो. ती भाषाविज्ञान, मी जुनं साहित्य. कापसाची वेचणी सुरू झाली की एम.ए.चा वर्ग अर्धा रिकामा व्हायचा. राळेगाव, मारेगावकडच्या मुली घरच्या शेतात कामाला लागायच्या आणि महिनाभर दिसायच्या नाहीत. त्यांच्यासाठी ती व्याख्यानं रेकॉर्ड करून कॉलेजच्या पोर्टलवर टाकू लागली. मुली कमरेला कापसासाठी कापडाची ओटी बांधून, एका कानात हेडफोन घालून वेचता वेचता ऐकायच्या.

शेवटच्या वर्षी ती घरूनच शिकवत होती. फुप्फुसाचं दुखणं होतं. पंखा बंद करून, खिडकी लावून ती फोनसमोर बसायची. मध्येच खोकला यायचा, दम लागायचा. मग ती थांबून माझ्याशी बोलायची. वर्गात प्रमाण मराठी बोलणारी ती घरात वऱ्हाडीच बोलायची. नंतर मी लॅपटॉपवर ते सगळं कापायचो. पडद्यावर आवाजाच्या टेकड्या दिसत. खोकल्याची टेकडी उंच आणि टोकदार असे, ती न ऐकताही ओळखू यायची. पाऊण तासाचं रेकॉर्डिंग अर्ध्या तासावर यायचं.

“कापा, कापा,” ती म्हणायची. “पोरीइले वाटलं पाहिजे मॅडम धडधाकट हायेत.”

लॅपटॉपमधली जागा भरली तेव्हा मी मूळ रेकॉर्डिंगं पुसून टाकली आणि कचरापेटीही रिकामी केली. कपाट आवरल्यासारखं बरं वाटलं होतं.

ती गेल्यावर काही आठवड्यांनी मी पोर्टल उघडलं. स्वनिम म्हणजे काय, ते ती शांतपणे सांगत होती. वाक्यामागून वाक्य, मध्ये श्वाससुद्धा नाही. हा मुलींनी ऐकलेला आवाज होता. घरात माझ्याशी बोलणारी बाई त्यात कुठेच नव्हती. एका घरात राहणारी माणसं एकमेकांना आवाज रेकॉर्ड करून कशाला पाठवतील? तिचा फोन दवाखान्याच्या धावपळीत हरवला होता. मी पेनड्राइव्ह शोधले, जुने मेल शोधले. कॉलेजच्या संगणक लॅबमधल्या माणसाला लॅपटॉप नेऊन दिला. त्यानं दोन दिवस ठेवून घेतला आणि परत देताना हळूच म्हणाला, “सर, एखादी कॉपी ठेवाची होती न.”

त्याच्याकडूनच विभागात कळलं असावं. एका दुपारी मारेगावजवळच्या गावातली एक विद्यार्थिनी स्वाध्याय द्यायला आली आणि दारातच घुटमळत राहिली. मागच्या वेचणीत व्याख्यान वेळेवर आलं नाही म्हणून तिनं मॅडमना व्हॉट्सॲपवर विचारलं होतं. मॅडमनी बोलूनच उत्तर पाठवलं होतं. त्यात सरांबद्दल आहे, म्हणून ऐकवावं की नाही कळेना, असं ती म्हणाली. मी समोरची खुर्ची दाखवली. तिनं फोन टेबलावर ठेवला.

“अवं बाई, मी तं सकाळीच बोलून ठेवलं. आता तुमचे सर कापून राह्यले. माहा खोकला आला का त्याइचं तोंडच उतरते. म्हणून मीच म्हणतो, कापा. त्याइले तेवढंच बरं वाटते.” मग ती खोकली. बराच वेळ. मग दम घेत तिनं विचारलं, “झाला का तुमचा वेचा?” आणि आवाज थांबला.

मी ते मुलींसाठी करतो आहे असं समजत होतो. थोडंफार तिच्यासाठीही. ती मात्र माझ्यासाठी ते करू देत होती.

पाठवू का, असं मुलीनं विचारलं. मी मान हलवली. तिचा तास होता, ती गेली.

विभागात दुसरं कुणी नव्हतं. मी पुन्हा लावलं आणि खोकला संपेपर्यंत बसून राहिलो. घरी तो सुरू झाला की मी पाणी आणायला म्हणून आत जायचो, आणि तांब्या भरायला लागतो त्याहून जास्त वेळ तिथे थांबायचो.