टोकसर आणि बिनटोकाच्या पेन्सिली

टोकसरांच्या उजव्या हाताची करंगळीकडची कड पेन्सिलीच्या शिशानं कायम काळी आणि चकचकीत असायची. आंघोळ करून, गंध लावून देवापुढे हात जोडले, तरी ती कड तशीच. त्यांच्या पत्नी, आमच्या अक्का, म्हणायच्या, लग्नात हळद लागली तेव्हासुद्धा तो हात काही पिवळा झाला नव्हता. भडगावच्या आमच्या शाळेत सर चित्रकला शिकवायचे. वर्गात शिरल्या शिरल्या त्यांचे पहिले शब्द "टोक दाखवा" हेच असायचे, म्हणून सगळ्या गावानं त्यांना टोकसर करून टाकलं.

मग आम्ही पेन्सिली वर धरायच्या. ज्याचं टोक बोथट, त्याच्या बाकाशी सर थांबत, खिशातून ब्लेडचं अर्धं पातं काढत आणि टोक काढून देत. शार्पनरवर त्यांचा राग होता. तो पेन्सिल तासत नाही, खातो, असं त्यांचं मत. बोटांत धरता येईना इतकं थुटूक उरलं तरी ते टाकायची सोय नव्हती. रिकाम्या बॉलपेनच्या नळीत खोचून ते पुढे चालवायचं. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला मी असलंच एक लांबलचक प्रकरण घेऊन बसले होते आणि बाहेरगावहून आलेले पर्यवेक्षक त्यात कॉपी लपवली असेल म्हणून नळीतून आरपार बघत होते.

सरांनी ज्याचं चित्र काढलं नाही असा माणूस भडगावात शोधावा लागला असता. बाजारात भरताची वांगी विकणाऱ्या मावशी, एसटीचे कंडक्टर, गिरणा नदीच्या पुलावर उगाच उभे राहणारे रिकामटेकडे, सगळे त्यांच्या कागदावर येऊन गेले होते. राहिला होता एकच, त्यांचा मुलगा विलास. तो एका जागी बसायचाच नाही. कान काढून होईपर्यंत बाळ पसार आणि अंगणात कुणाच्या तरी सायकलचा डायनॅमो खोलून बसलेला. सरांच्या कपाटात विलासची कितीतरी चित्रं होती, सगळ्यांत कान सुरेख आणि नाकाचा पत्ता नाही. "हा माझ्या हातून सुटला," असं सर हसत म्हणायचे, पण ते चित्र पुरं व्हावं ही त्यांची फार इच्छा होती.

विलास पुढे जळगावात गॅरेजमध्ये शिकला आणि भडगावात बसस्टँडजवळ विजेवरच्या स्कूटरींचं दुकान टाकायला निघाला. सर खूश होते. तेवढ्यात त्यांनी पेपरात वाचलं की असल्या गाड्यांच्या बॅटरीत ग्राफाईट लागतं. मी धुळ्याला विज्ञान शिकवते, तेव्हा खरंखोटं करायला फोन मलाच आला. मी उत्साहाच्या भरात सगळं सांगून टाकलं. हो सर, बॅटरीत लिथियमपेक्षा ग्राफाईटच जास्त असतं. कारखान्यातही तयार करतात, पण खाणीतलंही लागतंच. गाड्या वाढतील, सौरऊर्जा साठवायला मोठाल्या बॅटऱ्या येतील, तशी मागणी वाढतच जाणार. सर हलक्या आवाजात म्हणाले, "म्हणजे आपल्या पेन्सिलीतलं शिसंच की गं ते."

दुसऱ्या दिवसापासून सरांनी भडगावातल्या दुकानांतल्या पेन्सिली विकत घ्यायला सुरुवात केली. त्या संपल्यावर पाचोरा गाठलं. साक्रीच्या साडूंनाही कामाला लावलं. केळीचं एक मोठं खोकं पलंगाखाली भरत गेलं. दसऱ्याला दुकानाचं उद्घाटन होतं आणि त्याला आपण येणार नाही, असं सरांनी जाहीर करून टाकलं. विलासनं मला फोन केला. फीत आमच्या आबांनी कापली नाही तर मी कापतच नाही, शटर उघडत नाही, असं तो म्हणाला. दोघंही एकाच मातीचे.

दसऱ्याच्या सकाळी मी पहिल्या गाडीनं भडगावला गेले. सर पलंगावर बसले होते, खोकं पायाशी. मी समजावून पाहिलं की पेन्सिलीला ग्राफाईट लागतं कितीसं, खाणी नव्या निघतील, जुन्या बॅटरीतलं परत काढायचेही प्रयत्न चाललेत. सरांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले की ते घरच्या बोलीवर यायचे.

"बठ्ठं ग्राफाईट गाड्यास्मा चालनं, माय. मंग पोरेस्नी चित्र काढानं कसं?"

सगळं ग्राफाईट गाड्यांत चाललं, तर मुलांनी चित्रं काढायची कशी, हीच त्यांची धास्ती होती. मी खोक्यात हात घातला आणि मूठभर पेन्सिली वर काढल्या. सगळ्या कोऱ्या करकरीत.

"सर," मी म्हणाले, "टोक दाखवा."

सरांनी पेन्सिलींकडे पाहिलं. जन्मभर बोथट टोक खपवून न घेतलेल्या माणसाच्या पलंगाखाली खोकंभर बिनटोकाच्या पेन्सिली होत्या. त्यांना आधी खोकला आला, मग हसू आलं. खिशातून पातं काढून त्यांनी एक पेन्सिल तासली, एक कागद घेतला, टोपी घातली आणि अक्कांना चला म्हणाले.

दुकानासमोर मंडळी ताटकळली होती. सरांनी फीत कापली, आत गेले आणि पेढे वाटायला धावणाऱ्या विलासला हाताला धरून स्टुलावर बसवलं.

"आठे बठ. हालू नको."

गिऱ्हाइकं उभी, भटजी उभे, पेढे तसेच. आणि विलास खरंच हलला नाही. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं तरी त्यानं ते पुसलं नाही. सरांनी कान काढले, मग नाक काढलं, ओठ काढले, कागद लांब धरून पाहिला आणि मुलाच्या हातात दिला.

"इतलंच लागस माले," ते म्हणाले. "बाकीनं तुन्या गाड्यास्ले वापर."

पुढच्या उन्हाळ्यात सर गेले. मला अजूनही वर्गात शिरताना त्यांची आठवण येते आणि तोंडातून टोक दाखवा निघतं. ते चित्र दुकानात गल्ल्याच्या वर लावलं आहे. स्कूटर घेणाऱ्याला विलास किल्लीबरोबर त्या खोक्यातली एक पेन्सिल देतो. दुकान चांगलं चाललंय, तरी खोकं संपत कसं नाही, हे मी त्याला विचारलेलं नाही.

परवा भडगावला गेले होते तेव्हा दुपारची वेळ होती, दुकानात कोणी नव्हतं. विलास आबांच्या चित्राखाली बसून ब्लेडच्या अर्ध्या पात्यानं पेन्सिलींना टोकं काढत होता. मी दारात बराच वेळ उभी होते, पण त्यानं काही मान वर केली नाही.