कावळ्याला दिलेला शब्द

लेथखाली लोखंडाचा कीस साठतो ना, तसे किस्से साठतात. दिवसभर कुणाचं लक्ष नसतं. संध्याकाळी बघावं तर घोटा बुडलेला! मग कुणीतरी फावडं घेऊन यायचं आणि पोती भरायची. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यात ते कुणीतरी म्हणजे मी. त्यामुळं किस्सेही माझ्याकडंच जास्त. त्यातले बरेच तर माझ्याच बोकांडी बसलेले आहेत.

मी आधी त्याच लेथवर टर्नर होतो, आणि चांगला होतो. हे मी म्हणत नाही, माझ्या फोटोखाली लिहिलंय. फोटोचं पुढं येईल.

*

सुरुवात एका गोऱ्यानं केली. मार्टिन त्याचं नाव. त्याची फुलं रंगवलेली गाडी गोव्याला जाताना पेठ वडगावजवळ बसली आणि ट्रॅक्टरनं ओढत आमच्या दारात आली. शाफ्ट मोडलेला. आमच्या फोरमननं, इस्माईल मिस्त्रीनं, तो माझ्या मशीनवर दिला.

गोरा शेजारी उभा राहून माझा हात बघत होता. मग छातीवर बोट ठेवून म्हणाला, तोही टर्नरच. त्याच्या देशात. माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं, पण टर्नरला टर्नर कळतो. मी विचारलं, "मग नोकरी?"

"सोडली."

सगळ्या शॉपनं मशीनं थांबवली. एवढा धडधाकट माणूस, नोकरी सोडून डोंगर बघत फिरतोय! इस्माईल मिस्त्री माझ्या कानात म्हणाला, "घरचा कारखाना असंल ह्येचा."

मी म्हटलं, "परत गेल्यावर काय करणार?" गोरा हसला. म्हणाला, मशीन काय पळून जातंय?

त्याच्या गाडीत आतून नेपाळच्या डोंगरांचे फोटो चिकटवलेले होते. ते मी बघितले आणि माझं बिनसलं. गाडी गेली तरी मी रस्त्याकडं बघत उभा. मिस्त्रीनं माझा चेहरा ओळखला.

"दिनू, गोऱ्याचं मशीन पळत न्हाय," तो म्हणाला. "आपलं पळतं."

*

आमचे मालक अण्णा. माणूस दिलदार. जोतिबाच्या यात्रेला रजा देणार, लग्नाला देणार, कुस्त्यांच्या फडाला देणार, म्हस व्याली तरी देणार. मी केबिनमध्ये गेलो आणि म्हटलं, सहा महिन्यांची बिनपगारी रजा पाहिजे, नेपाळला जायचंय.

"कोण हाय तिकडं?"

"कोण न्हाय."

"मग कशाला?"

"चालायला."

अण्णांनी चष्मा काढला. "चालायला? रजा टाकून? आरं मग रंकाळ्याला चार फेऱ्या मार की! वर भेळ खा!"

काचेपलीकडं सगळं शॉप हसत होतं. मी हललो नाही. "डोंगर बघायचाय अण्णा."

"पन्हाळा काय सपाट हाय व्हय रं?"

पण माणूस दिलदार, खोटं कशाला बोलू! शेवटी उठले, मला माझ्या लेथपाशी नेलं आणि मशीनवर थाप मारून सगळ्यांदेखत म्हणाले, "जा. तू येस्तोवर ह्याच्यावर दुसरा हात पडणार न्हाय. शब्द हाय अण्णाचा."

उद्यमनगरात अण्णांच्या शब्दावर लोक मुली द्यायचे.

*

कोल्हापुरात माणूस नुसता गावाला जात नाही, त्याचा सत्कार होतो. आमच्या तालमीनं फेटा बांधला, हार घातले, हलगी लावली. अध्यक्ष माईकवर ओरडला, "आमचा दिनू एव्हरेस्ट सर करून दावणार!"

मी खालून त्याचा सदरा ओढला. "एव्हरेस्टला न्हाय. मी नुसता चालत..."

"गप की!" तो माईक बाजूला धरून म्हणाला. "टाळ्या घालवतोस व्हय माझ्या?"

पाठीवरची पिशवी लक्ष्मीपुरीतल्या सीट कव्हरवाल्यानं ताडपत्रीची शिवून दिलेली. तिच्यात आईनं सत्काराचे सगळे नारळ भरले, कारण मिळालेला नारळ मागं ठेवायचा नसतो. ते हिमालयात जाऊन फोडले. तिथल्या लोकांना खोबरं लई आवडलं!

*

आता माझा दहावा. मी तेव्हा वर एका खेड्यात अडकलो होतो. बर्फानं खिंड बंद झालेली, पोस्ट नाही, काही नाही. रजा संपून गेली तरी खाली उतरता येईना. इकडं पेपरात दोन ओळी आल्या की, नेपाळात कडा कोसळला, काही गिर्यारोहक गाडले गेले, त्यांत एक भारतीय.

भारतात माणसं काय कमी आहेत? पण कोल्हापूरला नेपाळात गेलेला एकच माणूस माहीत! तालमीच्या फळ्यावर दुपारपर्यंत माझी श्रद्धांजली लागली.

भटजी म्हणाले, "देह मिळालेला नाही. बारा वर्षं वाट बघायची असते."

आमचा मामा म्हणाला, "बारा वर्सं मशीन मोकळं ठिवायचं का काय?"

पुढचं मला इस्माईल मिस्त्रीनं सांगितलं. तोही पंचगंगेच्या घाटावर आला होता, लांब उभा होता. धाकट्या भावानं, शिवानं, डोकं भादरून पिंड ठेवला. कावळे भरपूर, पण एकही शिवेना. कसा शिवणार! मी जिवंत, तिकडं बटाटे खातोय! पण रिवाजच आहे, कावळा शिवला नाही तर मेलेल्याची इच्छा राहिली म्हणायचं, आणि ती पुरी करायचा शब्द द्यायचा.

शिवा म्हणाला, "दादा, आईला सांभाळतो." नाही.

मामा म्हणाला, "दिनू, शिवाचं लगीन मी करतो." नाही.

मिस्त्रीला राहवलं नाही. तो लांबनं ओरडला, "बेटा, तुझी रजा वाढवली!" तरी नाही.

ऊन चढलं. शेवटी अण्णा पुढं झाले, हात जोडले आणि म्हणाले, "दिनू, तुझं मशीन शिवाला देतो. कायमचं. शब्द हाय अण्णाचा."

आणि शिवला की हो भडवा!

घाटावर टाळ्या पडल्या. दहाव्याला टाळ्या पडलेला मी एकटाच.

*

मी आलो तो सकाळच्या गाडीनं. दाढी वाढलेली, पायात नेपाळी बूट. कोपऱ्यावरचा पानपट्टीवाला बघतच राहिला. "आरं दिन्या, तू मेलास न्हवं?"

"न्हाय बा."

"मग मी दुकान बंद ठेवलेलं ते?"

घरात शिरलो. आईनं आधी मुस्काडात दिली, मग मीठमोहऱ्या उतरल्या, आणि मग खाली बसून जी रडायला लागली ती थांबेना. शिवा माझ्यासमोर उभा होता. अंगात कारखान्याचा निळा ड्रेस, हातात डबा. केस नुकते वाढायला लागलेले. तो माझ्या गळ्यात पडला, हुंदके देऊन रडला, आणि घड्याळाकडं बघून म्हणाला, "दादा, पाळी हाय माझी. खाडा लागंल."

*

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेलो. अण्णांनी मिठी मारली, पेढे वाटले. मी म्हटलं, "उद्यापासनं येऊ न्हवं अण्णा?"

"कशावर?"

"माझ्या मशीनवर."

अण्णांनी पेढ्यांचा पुडा खाली ठेवला. मग म्हणाले, "शब्द दिलाय रं."

"कुणाला?"

"तुला."

"मला?"

"तुझ्या दहाव्याला. कावळा शिवलाय, साऱ्या गावानं बघितलंय. आता मोडू कसा?"

"आणि जाताना मशीनवर थाप मारून दिलता त्यो?"

"त्यो तू जिता असताना दिलता. मेलेल्याला दिल्याला शब्द मोठा असतोय."

"अण्णा, पर मी मेलोच न्हवतो!"

अण्णा खरंच कळवळून म्हणाले, "ते तू तवा सांगायला पायजे हुतंस."

बाहेरही विचारून बघितलं. उद्यमनगर म्हणजे एकच घर. जाईन तिथं तेच, "अण्णाकडनं गेलास न्हवं? चालायला? उद्या परत गेलास म्हंजे?" शेवटी अण्णांनीच दया केली आणि हातात फावडं दिलं. ज्या मशीनचा कीस मी पाडायचो, तोच भरायला लागलो.

*

फोटो. मशीनच्या वर भिंतीला माझा फोटो लावलेला, हार घातलेला. खाली लिहिलंय, 'कुशल टर्नर कै. दिनकर'. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली की शिवा त्याला नवा हार घालायचा. त्या हाराची झेंडूची फुलं आणायला मीच जायचो.

एकदा म्हटलं, "शिवा, आता तरी काढ की त्यो."

शिवानं जीभ चावली. "राहू दे दादा. तवापासनं मशीन लई चांगलं चाललंय."

*

शिवाला बघायला कोडोलीचे पाव्हणे आले. शेती, दुभती जनावरं, तालेवार घर. पोरीचा बाप पोहे खाता खाता म्हणाला, "थोरला भाऊ हुता म्हणं तुमचा?"

आमचा मामा हुशार. थोरला बिनलग्नाचा, फावडं मारतोय, वर डोक्यानं सरकलेला, असं कळलं तर कोण पोरगी देणार? मामानं लांब सुस्कारा सोडला. "हुता. नेपाळात गेला बिचारा."

मी त्याच वेळी चहाचा ट्रे घेऊन दारात. पोरीच्या बापानं विचारलं, "आणि ह्ये?"

मामा म्हणाला, "ह्ये पावणं हायत. असत्यात येऊन-जाऊन."

मी शिवाकडं बघितलं. शिवा पोह्यातले शेंगदाणे वेचत होता. मी कपबश्या खाली ठेवल्या आणि पाहुण्यासारखा कडेला बसलो. असा संताप आला होता की ट्रे त्या मामाच्या टाळक्यात घालावा! पण पोरगी चांगली होती आणि शिवा माझा भाऊ होता. लग्न ठरलं.

*

त्या संध्याकाळी आई भाकरी थापत होती. परत आल्यापासून मला सगळ्या कोल्हापुरानं विचारलं होतं. पगार किती बुडला, तिकडं घड्याळं स्वस्त मिळतात काय, आणलंस काय. डोंगराचं कुणी, एकानंही, विचारलं नव्हतं.

आई तव्याकडं बघतच म्हणाली, "दिनू, कसा असतोय रं डोंगर?"

मी म्हटलं, "आई, लई मोठा. पहाटं त्याच्यावर ऊन पडतं तवा आपण कोण, टर्नर का हमाल, काय फरक पडत न्हाय. कुणी विचारत न्हाय. मी तर रडलो."

तिनं भाकरी उलटली.

मग म्हणाली, "आणि तिथनं परत आलास कशाला?"

*

आई गेली. परवा तिचा दहावा झाला. त्याच घाटावर. आईचं धाकट्यानं करायचं असतं, म्हणून पिंडापुढं शिवा, मागं मामा, अण्णा. मी बाजूला, इस्माईल मिस्त्रीजवळ.

कावळा शिवेना.

शिवा म्हणाला, "आई, घर सांभाळतो." नाही. "पोरांस्नी शिकवतो." नाही. मामा म्हणाला, "अक्का, तुळजापूरची ओटी मी भरतो." कावळे भिंतीवर रांगेत बसून होते. एकानं पंख हलवला नाही.

काय बोलायचं राहिलंय ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी माझ्याकडं बघेना. अण्णा नदीकडं बघत होते. शिवाची बायको कडेवरच्या पोराला उगाच थोपटत होती.

भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला तेव्हा शिवा फुटला. जमिनीवर डोकं टेकून ओरडला, "आई, दादाचं मशीन दादाला परत देतो! शब्द देतो! शीव आता!"

मिस्त्रीनं माझा दंड धरला. अण्णांनी डोळे मिटले.

एक कावळा उडाला. पिंडावर घिरटी घातली आणि परत भिंतीवर जाऊन बसला.

मग मीच पुढं झालो. शिवाच्या शेजारी उकिडवा बसलो आणि म्हटलं, "आई, मी जातो परत डोंगराकडं."

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा पिंडावर होता.

या खेपेला टाळ्या नाहीत, काही नाही. शिवानं डोळे पुसले, माझ्याकडं बघितलं आणि हळूच विचारलं,

"कवा?"